आवाजात थोडा उजेड

“अजून थोडा उजेड पाहिजे, बाई,” वादक म्हणाला आणि मोज्यातला अंगठा त्याने पुन्हा पेडलच्या बटणावर दाबला.

जेवणाचं टेबल भिंतीला लावून मोकळ्या केलेल्या जागेत तो स्टुलावर बसला होता. मांडीवर गिटार, पुढ्यात जमिनीवर पेडलची अ‍ॅल्युमिनियमची उघडी डबी आणि तिच्यातून निघालेली वायर कोपऱ्यातल्या, आवाज मोठा करणाऱ्या जुन्या अ‍ॅम्पपर्यंत गेलेली. बूट त्याने दाराबाहेर काढले होते. स्टेजवरसुद्धा तो नुसत्या मोज्यांवरच वाजवतो. “बूट घातले की माझ्या पायाला ऐकू येत नाही,” असं त्याने आल्याआल्या सांगून टाकलं होतं, आणि डाखबाईंना ते इतकं आवडलं होतं की तेव्हापासून त्या मनातल्या मनात तेच घोळवत होत्या.

“उजेड म्हणजे बारीक सूर वाढवू का, सर?”

“तुम्हाला जे वाढवायचं ते वाढवा. मला एवढंच कळतं, की खिडकीची काच पुसायची राहिलीय. पलीकडे सगळं आहे, पण स्वच्छ दिसत नाही.”

डाखबाईंनी मान डोलावली. ज्याची गिटार त्यांनी रेडिओवर ऐकली, दुकानांत ऐकली, दाढ काढायला गेल्या तेव्हा दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा ऐकली, तो माणूस आज त्यांच्या घरात बसून त्यांना काच पुसायला सांगत होता. त्याच्या डाव्या मोज्याला भोक होतं. डाखबाईंना ते भोकसुद्धा थोर वाटलं.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा नवरा टेकून उभा होता. तो शाळेची बस चालवायचा, आणि बसच्या शेवटच्या बाकाखालचा सैल नट पुढे बसून आवाजावरून ओळखायचा. डाखबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली: झकास. मग वादकाकडे बोट करून खांदे उडवले. एवढं झकास असताना याला अजून काय हवंय, असा त्याचा अर्थ होता.

“होईल, सर,” डाखबाई म्हणाल्या. “पुढच्या रविवारी या. अशी काच पुसते की चिमणी येऊन आपटेल!”

वादक खदखदून हसला. लांबलचक माणूस, पण हसताना निम्मा व्हायचा.

डाखबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्या बटणांमागची सर्किटं दुरुस्त करत. तारेला तार सांधायला जो धातू वितळवून लावतात तो डाख, आणि तो त्यांच्या हातून असा गोल आणि चकचकीत पडे की जो तो “डाखबाईंना विचार” म्हणू लागला. पुढे ते घरापर्यंत आलं आणि चिकटलं ते चिकटलंच. पेडलचा नाद लागला तो लेकीमुळे. कॉलेजात असताना लेकीला गिटारची हौस आली. गिटार आली, तशी मग पेडलची भुणभुण सुरू झाली. गिटारची वायर अ‍ॅम्पकडे जाते तिच्या मध्ये बसवतात ती ही डबी. पायाने दाबली की तोच सूर कधी घोगरा होतो, कधी रेंगाळतो, कधी लखलखतो. डाखबाईंनी कुणाचं तरी पेडल उघडून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “एवढंच? अगं, हे तर मी करीन.” लेकीची हौस यथावकाश उतरली, ती नोकरीसाठी परगावी गेली. आईची हौस मात्र चढतच राहिली. रविवार उजाडला की टेबलावरची फळांची टोपली कपाटावर चढे आणि घरभर डाखाचा वास सुटे.

त्यांची पेडलं होतकरू पोरं वापरत, शाळेतले संगीत शिक्षक वापरत. त्यातलं एक फिरत फिरत या वादकाच्या साथीदाराच्या पायाखाली गेलं, आणि तिथून वादकाच्या कानावर. त्याने स्वतः फोन केला. आयुष्यभर गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून वाजवलेला हा माणूस आता पहिल्यांदाच एकट्याचा कार्यक्रम करणार होता. पोस्टरवर एकच नाव, स्टेजवर एकच खुर्ची. आणि नेमक्या अशा वेळी त्याची जुनी पेडलं म्हणे म्हातारी झाली होती. सगळंच कसं मळकट ऐकू येतंय, तारा बदलल्या, अ‍ॅम्प बदलला, फरक पडत नाही, तो म्हणाला होता. “मला नवं करून द्या. माझ्यासाठी. दुसऱ्या कुणाकडे नसेल असं.”

फोन ठेवल्यावर डाखबाई जागच्या जागी एक गिरकी घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. या वयात गिरकी घेतली की काय होतं ते कंबरेने दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण ती गोष्ट वेगळी.

वादक पहिल्यांदा येऊन गेल्यानंतरचा आठवडाभर त्या हवेत होत्या. वर्कशॉपमध्ये चौथ्या मजल्याचं बटण दुरुस्त करताना डोक्यात बारीक सूर, घरी भाजी चिरताना बारीक सूर. सकाळी कामावर जाण्याआधी टेबलावर बसून त्या एक कपॅसिटर काढत, दुसरा लावत, लेकीची गिटार छेडून बघत, आणि प्रत्येक सांधा मीटरने तपासत. मीटरच्या दोन सुया सांध्याच्या दोन बाजूंना टेकवल्या आणि सांधा पक्का असला की मीटर ‘पीं’ करून ओरडतो. कच्चा असला तर गप्प.

“अगं, ती पीं बंद कर, माझ्या मेंदूत भोक पडतंय,” नवरा न्हाणीघरातून ओरडे.

“पीं बंद म्हणजे सांधा कच्चा. कच्चं काम द्यायचं का मी त्यांना?”

घरात त्या मीटरचा त्रास नव्हता तो फक्त सासूबाईंना. त्यांना जाडे आवाज नीट येत. दार धाडकन लागलं की त्या दचकत, ट्रक गेला की कळे. बारीक आवाज मात्र केव्हाच सोडून गेले होते. दारावरची घंटा, फोनची किणकिण, पाखरं, काही म्हणता काही नाही. माणसं बोलली की शब्दांचे नुसते बुंधे ऐकू येतात, शेंडे गायब, असं त्या म्हणत. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी चष्म्याच्या घरात घालून कपाटात ठेवून दिलं होतं. “म्हातारी झाले म्हणून जाहिरात कशाला करू?” हे त्यांचं म्हणणं. त्यांचं वय मात्र पाचव्या गल्लीतूनही दिसत होतं.

पुढच्या रविवारी वादक आला, बूट काढले, स्टुलावर बसला. आज दोन्ही मोजे धड होते. डाखबाईंनी नवी डबी पुढ्यात ठेवली. त्याने अंगठा दाबला आणि तारांवरून हात फिरवला.

त्याचा चेहरा असा उजळला की डाखबाईंना वाटलं, एवढ्यासाठी सगळा जन्म डाख लावला तरी चालेल. “हां!” तो ओरडला. “हां! हे! बाई, हे! कुठं होतं हे इतके दिवस?” तो वाजवत सुटला. एक तुकडा, दुसरा, मग कुठलीतरी जुनी धून, मग हसत हसत तिसरंच काहीतरी.

डाखबाईंनी मात्र ओठ घट्ट मिटले होते. सूर कानात सुईसारखा शिरत होता. दारातल्या नवऱ्याचा एक डोळा आपोआप मिटला होता. आपल्याच कानांना सवय नसेल, मोठ्या हॉलमध्ये असंच लागत असेल, एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार, असं डाखबाईंनी स्वतःला बजावलं. त्यांचा आनंद इतका मोठा होता की शंकेला आत यायला जागाच नव्हती.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. मटार सोलता सोलता उठल्या होत्या, हातात तशीच शेंग.

“काय छान वाजवतोयस रे,” त्या म्हणाल्या. “मागच्या खेपेला नुसतं घुम् घुम् आलं माझ्यापर्यंत. आज सगळं कसं सुटं सुटं येतंय!”

“बघा!” वादकाने गिटार उचलून डाखबाईंना दाखवली, जणू खटला जिंकला. “आजींना कळलं. आजी, या, बसा. आपले दोघांचे कान जुळले.”

“आजी कुणाला म्हणतोस? तुझे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.”

सगळे हसले. नवराही हसला. डाखबाईही हसल्या, पण त्यांचं हसू थोडं उशिरा आलं.

“फक्त हे पायाचं बटण एकदा तपासा,” वादक म्हणाला. “मघाशी अडकल्यासारखं झालं. ऐन वेळी दगा नको.”

डाखबाईंनी डबी उलटी केली, मीटर घेतला आणि बटणामागच्या सांध्याला दोन्ही सुया टेकवल्या. मीटर ओरडला. पीं. नवऱ्याने सवयीने तोंड वाकडं केलं. डाखबाईंनी सुया तशाच ठेवल्या, मीटर ओरडतच होता.

“काय?” वादकाने वाकून विचारलं. “लागतोय का सांधा?”

पीं.

“काय गं?” शेजारी बसलेल्या सासूबाईंनीही मान पुढे करून विचारलं. “बिघडलंय का?”

दोन पांढरी डोकी डाखबाईंकडे बघत होती, एकाच उत्सुकतेने, आणि मीटर त्यांच्या मध्ये बेंबीच्या देठापासून बोंबलत होता. डाखबाईंनी सुया उचलल्या.

“पक्का आहे, सर,” त्या म्हणाल्या. “सांधा पक्का आहे.”

वादक डबी न्यायला निघाला तेव्हा त्यांनी ती त्याच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतली. रंग द्यायचाय, झाकण बसवायचंय, आठवडाभर द्या. तो जिना उतरेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या आणि नंतर चपला ठेवायच्या फळीवर मटकन बसल्या.

“त्यांना ऐकू येत नाही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आईंसारखंच. बारीक सूर पोचतच नाहीत त्यांच्यापर्यंत. पेडलं नाही म्हातारी झाली, अहो.”

नवऱ्याने दिवा लागल्यासारखं “आँ” केलं. त्याच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरची नजर अशीच गेली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही असणार. शेवटी यानेच जाऊन साहेबांना सांगितलं होतं. बसमध्ये पोरं असतात, इलाज नव्हता. तो ड्रायव्हर पुन्हा त्याच्याशी कधी बोलला नाही.

“सांगून टाक,” तो म्हणाला. “नाहीतर ते हे असलं घेऊन स्टेजवर बसतील आणि लोक उठून जातील. पहिलाच कार्यक्रम, हसं होईल माणसाचं. मी सांगू का?”

“तुम्ही? तुम्ही म्हणाल, साहेब, तुमचा फॅनबेल्ट गेलाय.”

“मग तू सांग.”

बुधवारी डाखबाईंनी धीर करून फोन लावला. वादक एवढा खुशीत होता की त्यांना “हॅलो”च्या पुढे जाताच आलं नाही. हॉल भरत आलाय म्हणाला. रात्री स्वप्नात ते पेडल दाबलं म्हणाला. मग म्हणाला, “मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात जुन्याच पेडलवर सगळे नॉब टोकाला पिळून वाजवलं. पहिल्या रांगेत एक पोरगी, दोन्ही कानांवर हात घेऊन बसली होती. इतकी भारावली होती, बाई!”

डाखबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“भारावलीच असणार ना?” वादकाने विचारलं. या खेपेला आवाज बारीक होता.

“सर,” त्या म्हणाल्या, “माझं पेडल हातात येईपर्यंत कुठंच वाजवू नका. एवढं ऐका माझं.”

फोन ठेवल्यावर त्या रडल्या. भित्री आहेस तू, असं स्वतःला म्हणत रडल्या. पण खरं तर भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी होतं. त्या माणसाचा उजळलेला चेहरा त्यांना दिसत होता. त्याला इतक्या दिवसांनी त्याची गिटार परत भेटली होती, ती आपल्या हातांनी कशी हिसकावून घ्यायची? आणि नाही हिसकावली, तर हॉलमधली सगळी माणसं कानांवर हात घेऊन बसणार.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्यांच्या पुढ्यात एका इमारतीच्या लिफ्टची दोन पॅनेलं आली. एक लिफ्टच्या आतलं, एक बाहेर मजल्यावरच्या भिंतीतलं. आतल्याला कुठं चाललोय ते दिसलं पाहिजे, बाहेरच्याला लिफ्ट कुठवर आलीय ते. लिफ्ट एकच, पण आतल्याला वेगळं दाखवायचं आणि बाहेरच्याला वेगळं. हे काम त्या इतकी वर्षं करत होत्या. आज मात्र त्यांनी दोन्ही पॅनेलं दोन हातांत धरली, आतलं एकदा पाहिलं, बाहेरचं एकदा पाहिलं, आणि “अगंबाई!” म्हणून इतक्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या वायरमनच्या हातातला पेचकस खाली पडला.

“शॉक बसला का, डाखबाई?”

“बसला! चांगला बसला!”

वादक स्टेजवर कानात इयरफोन घालूनच वाजवायचा, हल्ली सगळेच घालतात. मग गिटारच्या सुराला एकच वाट कशाला? डबीच्या आतच दोन वाटा काढायच्या. एक लोकांकडे जाईल, पहिल्या दिवशी केली होती तशी, ऊबदार, गोल. दुसरी थेट त्याच्या कानात, हवा तेवढा उजेड घेऊन. डाखबाईंना घरी पोचेपर्यंत दम निघेना. चपला एका दिशेला, पिशवी दुसऱ्या दिशेला, आणि त्या सरळ टेबलावर.

“म्हणजे त्यांना फसवायचं?” नवऱ्याने विचारलं.

“फसवायचं कसलं? तीच गिटार, तेच हात. आईंशी बोलताना तुम्ही मोठ्याने बोलता, ते काय फसवणं असतं?”

नवऱ्याने डोकं खाजवलं. मग खुर्ची ओढून समोर बसला. “बाहेरच्या वाटेचा कान मी,” तो म्हणाला. “टोचलं की सांगतो.” आणि सासूबाईंना इयरफोन घालून दुसऱ्या टोकाला बसवण्यात आलं, आतल्या वाटेचा कान म्हणून. यंत्राला नाही म्हणणाऱ्या सासूबाईंना इयरफोनचं काही वाटलं नाही, कारण ते तरुण मुलं घालतात. डाखबाई तार छेडत, नवरा एक डोळा मिटे किंवा न मिटे, सासूबाई “अजून, अजून” म्हणत, आणि डाखबाई कपॅसिटर बदलत. तीन माणसांचं ते विचित्र बिऱ्हाड दोन दिवस एकाच डबीभोवती होतं. इतकी मजा त्या घरात कैक वर्षांत आली नव्हती.

रविवारी वादक आला. डबी आता निळी होती. मागच्या बाजूला शेजारी शेजारी वायर खोचायची दोन भोकं.

“दोन कशाला?” त्याने विचारलं.

डाखबाईंनी आरशापुढे पाठ केलेलं म्हणून दाखवलं. “हे तुमच्या इयरफोनचं, सर. स्टेजवर गोंगाट असतो, म्हणून कानात उजेड जास्त ठेवलाय. आणि हे बाहेरचं. हॉल मोठा असला की उजेड आपोआप वाढतो, म्हणून बाहेर जरा हात राखून.”

वादकाने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग इयरफोन घातले, अंगठा दाबला आणि वाजवलं. चेहरा पुन्हा तसाच उजळला, डोळे मिटले, मान मागे गेली. डाखबाईंचा जीव भांड्यात पडला. खोलीत मात्र गिटार मऊ, भरदार वाजत होती.

वाजवता वाजवता त्याने एका कानातला इयरफोन काढला आणि अ‍ॅम्पकडे कान केला.

“बाहेर मळकट आहे,” तो म्हणाला.

“बाहेर हॉल असेल, सर.”

त्याने डाखबाईंना पुढे काही विचारलं नाही. दारातल्या नवऱ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला कसं वाटलं?”

नवरा बिचारा सरळ माणूस. त्याला खोटं बोलायला तयारी लागते आणि त्याला कुणी तयारी दिली नव्हती. “एकदम मस्त!” तो मनापासून म्हणाला. “आता टोचत नाही.”

आता. तो शब्द निघून गेला आणि परत घेता येईना. नवऱ्याने जीभ चावली. डाखबाईंनी जमिनीकडे पाहिलं. वादकाने तारांवर पंजा ठेवून त्या शांत केल्या. सासूबाई खिडकीशी मटार सोलत होत्या, त्यांच्यापर्यंत काहीच आलं नव्हतं.

“बरं,” तो म्हणाला. इयरफोनची वायर त्याने बोटांभोवती नीट गुंडाळली. “ती पोरगी... बरं.”

“सर, मी सांगणार होते—”

“तुम्ही सांगितलंत की, बाई.” त्याने डबी हातात घेऊन ती दोन भोकं अंगठ्याने चाचपली. “असं कुणी सांगत नाही. लोक एकतर तोंडावर मारतात नाहीतर मागे बोलतात.”

डाखबाईंनी डोळे पुसले आणि कामाचं विचारलं, कारण कामाचं विचारता येतं. “भोकांवर काय लिहू? मी अक्षरं ठोकून देते.”

“राहू द्या कोरं. मी लिहीन.”

कार्यक्रम दुपारचा होता. वादकाने पाठवलेल्या जागा मधोमध होत्या. डाखबाई कपाटातल्या ठेवणीतल्या कपड्यांत, नवरा इस्त्रीच्या शर्टात, दोघांच्या मध्ये सासूबाई. पडदा सरकला. एक खुर्ची, एक माणूस, मोजे घातलेले दोन पाय आणि त्यांच्यापुढे निळी डबी. डाखबाईंनी नवऱ्याचा हात असा आवळला की त्याच्या बोटांत रक्त राहिलं नसावं.

अंगठा खाली गेला. आणि आवाज आला, भरदार, स्वच्छ, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत. डाखबाई गिटार ऐकतच नव्हत्या. त्या माणसं ऐकत होत्या. कुणी खोकत नव्हतं, कुणी चुळबुळत नव्हतं. पहिल्या रांगेतले सगळे हात मांडीवर होते. स्टेजवर तो मान मागे टाकून, डोळे मिटून, आपल्याच उजेडात वाजवत होता. शेवटी लोक उभे राहिले तेव्हा सगळ्यात आधी डाखबाई उठल्या होत्या, आणि “माझं पेडल! माझं पेडल!” असं त्या बाजूच्या अनोळखी बाईंना सांगत होत्या.

कार्यक्रमानंतर ते तिघं मागच्या खोलीत गेले. आरसे, दिवे, खुंटीवर कोट. वादक गळ्यात टॉवेल टाकून बसला होता, इतका दमलेला आणि इतका खूष की काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. त्याने सरळ नवऱ्यालाच विचारलं, “कसं होतं?”

पूर्वी त्याला हे कुणाला विचारावं लागत नसणार, असं डाखबाईंच्या मनात येऊन गेलं.

“साहेब,” नवरा म्हणाला, “एकदाही डोळा मिटला नाही.”

“आजी? तुम्हाला?”

“खरं सांगू का रे?” सासूबाई म्हणाल्या. “तुझी बोटं फार सुंदर हलत होती. बाकी मला नुसतं घुम् घुम्.”

“आई!” डाखबाई ओशाळल्या.

वादक मात्र उठला. कोपऱ्यातून निळी डबी आणली, गिटारची वायर तिला जोडली आणि सासूबाईंच्या समोर स्टूल ओढून बसला. डबीची मागची बाजू आता डाखबाईंकडे होती. दोन भोकांखाली पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले होते, त्यांवर पेनाने, जरा तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं. एकाखाली ‘लोकांचं’. दुसऱ्याखाली ‘आजींचं आणि माझं’.

पहिल्या भोकात त्याने काही लावलंच नाही. आपले इयरफोन टॉवेलच्या कोरड्या टोकाने पुसले, सासूबाईंचे पांढरे केस मागे सारले आणि एकेक करून ते त्यांच्या कानांत बसवले. मग अंगठा दाबला आणि वाजवू लागला.

खोलीत काहीच आलं नाही. नुसत्या तारांची किरकोळ खुडबुड, शेजारच्या खोलीत कुणी फणी फिरवावी तेवढी. सासूबाई आधी दचकल्या, मग काठीवरची त्यांची मूठ सैल झाली, आणि मग हात गुडघ्यावर येऊन ठेका धरू लागला.

“आता बघ!” इयरफोन घातलेली माणसं बोलतात तशा त्या ओरडून म्हणाल्या. “आता आलं सगळं!”

वादकाच्या कानात आता काहीच नव्हतं. तो त्यांच्या हाताकडे बघून वाजवत होता.